वसंतातला एकच वाफा: आधी पालक-मटार की थेट टोमॅटो?

जागा थोडी, वाफा एकच आणि थंडी ओसरायला लागलेली. हा वाफा आत्ताच पालक, मुळा, मटार यांना द्यायचा, की माती तापेपर्यंत राखून ठेवून टोमॅटो, काकडी, फरसबी लावायची? मी दोन्ही करून पाहिलं आहे, आणि माझं मत आधीच सांगते: पहिल्यांदा लावत असाल तर पालक-मुळा-मटारापासून सुरुवात करा. याचं मोठं कारण बागेत नाही, स्वयंपाकघरात आहे. पण टोमॅटोचीही बाजू भक्कम आहे, तीही नीट ऐकून घ्या.

मातीची ऊब

वसंतात आपण हवेवरून अंदाज बांधतो, बी मात्र मातीवरून ठरवतं. माती १० अंश सेल्सियस असली तरी पालक आणि मुळा साधारण ११-१२ दिवसांत वर येतात, मटार दोन आठवड्यांत. टोमॅटोचं बी त्याच मातीत दीड महिना अडकून बसतं आणि त्यातलं बरंच कुजून जातं. २५ अंशांना तेच बी आठवड्याभरात उगवतं. काकडी आणि फरसबी यांनाही गार, ओली माती सोसत नाही.

एका वर्षी दुपारच्या उबेला भुलून मी टोमॅटोची रोपं दोन आठवडे आधी बाहेर लावली. मेली नाहीत, पण पानांची खालची बाजू जांभळी पडली आणि वाढ थांबली. गार मातीत मुळांना फॉस्फरस उचलता येत नाही, त्याची ती खूण. उशिरा लावलेली रोपं महिन्याभरात त्यांच्या पुढे गेली. तेव्हापासून मी सकाळी मातीत बोटभर खोल थर्मामीटर खोचून बघते. सलग काही दिवस १५-१६ अंश दिसल्याशिवाय टोमॅटो बाहेर काढत नाही.

किती दिवस थांबायचं

मुळा २५ ते ३० दिवसांत काढायला येतो. त्याचा खांदा मातीच्या वर डोकावला की बोटाने माती बाजूला करून जाडी बघायची आणि उपटायचा. चार दिवस जास्त राहिला की आत पोकळ आणि तिखटजाळ होतो. पालकाची बाहेरची पानं ४०-४५ दिवसांत खुडता येतात, मटाराच्या शेंगा ६०-७० दिवसांत भरतात. टोमॅटोचं रोप तयार करायलाच ६ ते ८ आठवडे जातात आणि लावणीनंतर पहिलं लाल फळ हाती यायला आणखी ६० ते ८० दिवस.

मात्र एकदा लागला की वेलासारखा वाढणारा टोमॅटो आठवड्यांमागून आठवडे फळ देत राहतो. पालकाचं तसं नाही. दिवस १४ तासांच्या आसपास लांबला आणि उष्मा वाढला की तो फुलावर जातो, मधला दांडा उंच होतो, पानं टोकदार आणि कडवट होतात. त्यानंतर पाणी, खत काही उपयोगाचं नाही. मटाराचा तोडा दोन-तीन आठवड्यांचा, मग ऊन चढलं की वेल पिवळे पडतात आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. तुमच्याकडे वसंत आखूड असेल आणि उन्हाळा एकदम आदळत असेल, तर पालक-मुळा-मटाराची पेरणी एक आठवडाही पुढे ढकलू नका.

ऊन किती मिळतं हेही बघा. रोज जेमतेम तीन-चार तास ऊन असेल तर प्रश्न तिथेच मिटला: पालक लावा. टोमॅटोला सहा ते आठ तास थेट ऊन हवं, नाहीतर नुसती पानं वाढतात. कुंडीत पालक १५ सेंटीमीटर मातीतही होतो. टोमॅटोच्या एका झाडाला मात्र निदान २० लिटर मातीची कुंडी लागते.

स्वयंपाकघरात काय फरक पडतो

भाजी घरी लावण्याचा खरा फायदा तोडणी आणि चूल यांच्यातलं अंतर कमी होण्यात आहे. पण सगळ्याच भाज्यांना त्याचा सारखा लाभ होत नाही. कांदा, बटाटा, कोबी आठवडाभर पडून राहिले तरी फारसं बिघडत नाही. मटाराचं बिघडतं. शेंग वेलावरून तुटली की दाण्यातल्या साखरेची पिठूळ स्टार्च व्हायला लागते आणि उबेत हे फार झपाट्याने होतं. सकाळी तोडलेल्या आणि दोन दिवस पडलेल्या मटारात इतका फरक पडतो की दोन वेगळ्या भाज्या वाटाव्यात.

बियाणं निवडताना यातली एक गंमतीची गोष्ट उपयोगी पडते. वाळलेलं मटाराचं बी दोन प्रकारचं दिसतं, गोल गुळगुळीत आणि सुरकुतलेलं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६ साली छापलेल्या निबंधात हीच जोडी आहे: ७,३२४ बिया मोजल्या, त्यात ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या. सुरकुतलेल्या बीमध्ये स्टार्च बनवणारं एक एन्झाइम नीट काम करत नाही, म्हणून दाण्यात साखर जास्त उरते. असा दाणा वाढताना पाणीही जास्त धरतो आणि वाळताना आकसतो. म्हणजे चवीसाठी सुरकुतलेलं बी घ्या. गोल बी गार, ओल्या मातीत जास्त तगतं, तेव्हा अगदी लवकर पेरायचं असेल तर ते. मी दोन्ही ठेवते: पहिली ओळ गोल, दहा-बारा दिवसांनी दुसरी सुरकुतलेली.

शेंग कधी तोडायची? दाबल्यावर दाणे बोटाला लागतात पण एकमेकांना चेपून बसलेले नसतात, साल अजून चकचकीत असते, तेव्हा. सालीवर पांढरट जाळी दिसली की शेंग जून झाली. पाणी आधी उकळत ठेवा, मग बागेत जा. सोललेले दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, झाकण न ठेवता. झाकणाखाली वाफेतली आम्लं परत भांड्यात पडतात आणि हिरवा रंग शेवाळी होतो, कारण आम्ल आणि उष्णता यांनी हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. लिंबू पिळायचं असेल तर ताटात वाढल्यावर पिळा. पालकालाही हाच नियम.

पालकाबद्दल एक इशारा द्यायला हवा. अर्धा किलो पानं शिजून जेमतेम वाटीभर होतात. पाच-सहा रोपं लावून भाजी होईल असं समजू नका, दाट ओळी लावा. धुतलेल्या पानांना चिकटलेलं पाणीच पुरतं: रुंद भांडं, मोठी आच, पानं मरगळली की उतरवा. मुतखड्याचा त्रास असेल तर मात्र भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावं. त्यात मुतखडा घडवणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं, जीवनसत्त्व क सुद्धा जातं, पण अशा माणसासाठी तो सौदा रास्त आहे. मुळा तिखट निघाला तर टाकू नका. शिजवल्यावर तिखटपणा तयार करणारं एन्झाइमच निकामी होतं आणि मुळा गोडसर लागतो. त्याचा कोवळा पालाही परतून खाता येतो.

टोमॅटोची ताकद वेगळीकडे आहे. दूर न्यायचं फळ बहुधा पिकायच्या आधीच तोडलं जातं. झाडावर रंग चढलेल्या फळाचा वास विकत मिळणं अवघड, म्हणून त्याची वाट बघण्यात अर्थ आहे. पण तोच टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला की कमाई वाया जाते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५ अंशांना सात दिवस ठेवलेल्या टोमॅटोंमधली वासाची द्रव्यं इतकी घटली की बाहेर काढल्यावरही ती भरून आली नाहीत. एक-दोन दिवसांनी फारसं बिघडत नाही, आठवडाभर नको. चिरताना बियांभोवतीचा बुळबुळीत रस काढून टाकू नका. चवीचा भरीवपणा देणारं ग्लुटामेट गरापेक्षा त्यात कितीतरी जास्त असतं. तेलात शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य शरीराला कच्च्यापेक्षा सहज मिळतं, तेव्हा जास्त पिकला तर आटवून ठेवणं हा चांगला मार्ग. पालक-मटाराचा भर एकदम आला तर मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढून, थंड करून गोठवावा लागतो.

कष्ट कुठे जास्त

टोमॅटोला रोज बघावं लागतं: आधार बांधा, बगलफुटी (पानाच्या बेचक्यातून येणारे कोंब) काढा, पाणी सारखं ठेवा. पाण्याची ओढाताण झाली की फळाचं टोक काळं पडून कुजतं. मुळांतून फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून हे होतं. खत घालून ते सुधारत नाही, पाण्याची नियमितता आणि आच्छादन यांनीच सुधारतं. शिवाय दिवस ३२-३३ अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकाडा राहिला की फुलं गळतात. पालक-मटाराला विरळणी, थोडी खुरपणी आणि मटाराला काटक्यांचा आधार इतकंच. कोवळे कोंब मात्र पाखरांपासून जपा.

दोन्ही हवं असेल तर

मला विचाराल तर वाफ्याचा कडेचा भाग मटाराला, मधला पालक-मुळ्याला द्या आणि टोमॅटोची रोपं तोवर घरात तयार करा. मुळा निघाला की रिकाम्या जागी टोमॅटो लावायचा. शेजारचा पालक पुढचे दोन-तीन आठवडे खुडत राहता येतो, तोवर टोमॅटो लहानच असतो. मटार संपल्यावर वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं मातीत कुजून थोडा नायट्रोजन आणि चांगली पोकळी देतात. बराचसा नायट्रोजन आपण दाण्यांतून खाल्लेला असतो, म्हणून पुढच्या पिकाला कंपोस्ट घालावंच लागतं.

पुढच्या वर्षासाठी बी धरायचं असेल तर मटार आणि टोमॅटो बिनधास्त धरा. दोघांत स्वपरागण होतं, जात बहुतेक तशीच उतरते. मात्र टोमॅटोचं बियाणं संकरित नसावं. झुकिनी, भोपळा यांचं घरचं बी मी धरत नाही. शेजारच्या शोभेच्या किंवा रानटी जातीशी संकर झाला तर फळात कडू, विषारी कुकुर्बिटासिन उतरू शकतं आणि ते शिजवूनही जात नाही. घरच्या बीचं फळ असेल तर कापल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळं फळ फेकून द्या.