एका थेंबाला ५००० रुपये

गुडघ्याच्या दुखण्यापायी एका भोंदू डॉक्टरने आईबाबांना कसं फसवलं हे लिहू का, असं आईला विचारलं. तिने दोन दिवस घेतले आणि म्हणाली, "लिही. पण मी वेडी होते असं लिहू नकोस." ती वेडी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं गणित शिकवलेली बाई आहे ती. म्हणूनच सगळं नीट लिहिते आहे.

तिचा उजवा गुडघा बदलून १४ महिने झाले होते. जखम छान भरली, पाय सरळ व्हायला लागला, वाकायलाही लागला. पण गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आग व्हायची. मिरची चोळल्यासारखी, असं ती म्हणायची. रात्री नुसती चादर लागली तरी कळवळायची. तपासणीला गेलो की सर्जन एक्स-रे बघायचे, "सांधा उत्तम बसलाय, चालत राहा" म्हणायचे आणि पुढचा पेशंट आत यायचा. एक्स-रे खरोखरच उत्तम होता. त्यामुळे घरात आम्ही सगळेच, मीसुद्धा, "होईल गं कमी" यापलीकडे काही बोलेनासे झालो. मग तिने दुखण्याबद्दल बोलणंच सोडलं. माझं ठाम मत आहे की चोर घरात शिरला तो इथूनच.

आईबाबा पुण्यात दोघंच राहतात, मी पिंपरीला. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनच्या कामासाठी दोघं बँकेत गेले होते. आई पायरी उतरताना कठड्याला धरून थांबली, तेव्हा एक तिशीतला, इस्त्रीचे कपडे घातलेला मुलगा पुढे आला. "मावशी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना? माझ्या वडिलांचंही अगदी असंच होतं. ऑपरेशननंतर दीड वर्ष तळमळत होते. आता पर्वती चढून येतात." त्याने काही विकलं नाही, काही मागितलं नाही. आईने विचारल्यावरच एका कागदावर डॉक्टरांचा नंबर लिहून दिला. ते जाहिरात करत नाहीत, महिन्यातून दोनदाच पुण्यात येतात, तुम्हीच फोन करा, माझं नाव सांगा, एवढं बोलून निघूनही गेला. बाबा आजही म्हणतात, त्याच्या तोंडावर सभ्यपणा इतका होता की संशय घेतला असता तर स्वतःचीच लाज वाटली असती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता 'डॉक्टर' आणि त्याचा मदतनीस घरी आले. त्या वेळेला मी ऑफिसात असते, हे त्यांनी फोनवर गप्पा मारता मारता काढून घेतलं होतं. आल्या आल्या त्याने गुडघ्याला हात लावला नाही. आधी पाऊण तास ऐकलं. आग कुठे होते, जिना उतरताना काय होतं, रात्री किती वाजता जाग येते, जाग आल्यावर काय विचार येतात. आई सांगताना रडली. मला हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त लागलं ते हेच. १४ महिन्यांत हे प्रश्न तिला कुणीच विचारले नव्हते. मीही नाही.

मग निदान सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी आत पू राहिला, रक्तात विष साचलं, ते एक्स-रेत दिसत नाही, नळीने ओढून काढावं लागेल. दर एका थेंबाला ५००० रुपये. "बहुतेकांचे चार-पाचच निघतात, काका. निघाले तेवढ्याचेच पैसे." बाबांनी हिशेब केला, फार तर २५ हजार. गुडघा बदलायला त्याच्या कितीतरी पट गेले होते. हो म्हणाले.

गुडघ्यावर पिवळी पूड चोळली, वरून पाण्यासारखं काहीतरी लावलं आणि जागा लालभडक झाली. "बघा, विष वर आलं." मग ब्लेडने बारीक चिरा दिल्या, पितळी नळी टेकवली, तोंडाने ओढलं आणि पिवळट, घट्ट असं काहीतरी ताटलीत थुंकलं. मदतनीस वहीत रेघा मारत होता. बाबांना गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवलं. ते परत येईपर्यंत वहीत ३८ रेघा होत्या.

३८ म्हणजे १ लाख ९० हजार. बाबा म्हणाले, एवढे नाहीत. तेव्हा आवाज बदलला. अर्धवट सोडलं तर विष हृदयाकडे चढेल, पाय कापावा लागेल, जबाबदारी तुमची. घरातले ४० हजार रोख काढून दिले. उरलेल्या दीड लाखासाठी मदतनीस बाबांना स्कूटरवर बसवून बँकेत घेऊन गेला, मुदत ठेव मोडायला लावली आणि रोख रक्कम घेऊन तिथूनच गेला. 'डॉक्टर' तोवर आईजवळ बसून होता. ७१ वर्षांचा माणूस, बायको अनोळखी माणसाच्या ताब्यात, आणि तो काउंटरवर स्लिप भरतोय. जाताना काळपट गोळ्यांच्या पुड्या दिल्या, रोज दोन. आणि एक बजावणी: कुणाला सांगू नका, सांगितलं की गुण जातो.

आता ऐका, कारण फसलेल्यांना इथेच गप्प बसवलं जातं. आईला बरं वाटलं. खरंच वाटलं. आठ-नऊ दिवस ती झोपली, चालली. मला उघडकीला आलं ते ११ दिवसांनी, आणि तेही साखरेमुळे. तिला सौम्य मधुमेह आहे, उपाशीपोटी ११०-१२०च्या आसपास असते. त्या रविवारी यंत्रावर २८४ दिसली. पुन्हा बघितली, २७९. काय वेगळं घेतेस, असं खोदून विचारल्यावर पुडी बाहेर आली आणि मागोमाग सगळं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या बघून सांगितलं की अशा बिननावाच्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने दुखणं चार दिवस दबतं आणि साखर चढते. आमच्या गोळ्यांत नेमकं काय होतं ते तपासलेलं नाही, त्या पोलिसांकडे जमा आहेत. एक लक्षात असू द्या: अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवा. स्टेरॉइड अचानक तोडणं धोक्याचं असतं.

पिवळ्या पुडीचं कोडं आईनेच सोडवलं. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते; पूर्वी घरोघरी कुंकू असंच करायचे. लहानपणी आजीजवळ बसून ते तिने कितीदा पाहिलंय. "त्या वेळी कसं आठवलं नाही गं?" हे ती अजून विचारते. दुखणाऱ्या माणसाला नाही आठवत, आई.

फॅमिली डॉक्टरांनी आम्हाला पेन क्लिनिकला, म्हणजे फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या दवाखान्यात पाठवलं. असा वेगळा दवाखाना असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. तिथले डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ, या शाखेत बरेच जण भूलशास्त्रातून येतात. तुमच्या गावात पेन क्लिनिकची पाटी दिसत नसेल तर मोठ्या रुग्णालयाच्या भूलशास्त्र विभागात विचारा. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या पुढे राहिलेल्या वेदनेला वैद्यकात स्वतंत्र स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची जी ११वी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात या वेदनेची वेगळी नोंद आहे. गुडघा बदललेल्या साधारण पाचातल्या एकाला बराच काळ त्रासदायक दुखणं राहतं. हा आकडा आम्हाला ऑपरेशनआधी कुणी सांगितला असता तर आईला स्वतःचंच काहीतरी चुकतंय असं वाटलं नसतं.

आधी त्यांनी धोक्याच्या गोष्टी वगळल्या. आत सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का हे सुचवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्या, नवा एक्स-रे. आत खरोखर पू असेल तर गुडघा सहसा गरम, सुजलेला असतो, कधी ताप असतो, आणि मग निर्जंतुक सुईने पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवतात. तोंडाने कुणी ओढत नाही. कृत्रिम सांध्यावर घाणेरड्या ब्लेडने चिरा देणं किती भयंकर आहे, हे सांगताना डॉक्टरांचा आवाज चढला होता. तो जंतुसंसर्ग सांध्यापर्यंत गेला असता तर बसवलेला सांधा काढून, काही आठवडे उपचार करून, पुन्हा नवा बसवायची वेळ येऊ शकते. आईचे रिपोर्ट चांगले आले. तेवढं नशीब.

मग कापसाचा बोळा आणि टाचणी घेऊन त्यांनी गुडघ्याभोवती कुठे बधिर, कुठे आग, हे पेनाने आखलं. चीर देताना त्वचेच्या संवेदनेची एक बारीक नस पुष्कळदा कापली जाते. बहुतेकांना तिथे नुसता बधिरपणा राहतो, काहींची नस बिघडून आग करत राहते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या अशा दुखण्यावर फारशा चालत नाहीत. आईला रात्री प्रीगाबालिन या नसांच्या दुखण्यावरच्या औषधाचा अगदी लहान डोस सुरू केला, तोही आधी क्रिएटिनिन तपासून, कारण मूत्रपिंड अशक्त असेल तर डोस कमी करावा लागतो. पहिला आठवडा गरगरलं. बाथरूमला जाताना बाबांचा हात धरायचा असं ठरवून दिलं होतं. आगीच्या जागेवर लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची पट्टी. टेन्सचं छोटं यंत्र, त्याच्या हलक्या विजेने तिला दुपारी आराम पडतो. सगळ्यांना पडतोच असं नाही, म्हणून आधी फिजिओथेरपिस्टकडे वापरून बघितलं आणि मगच घेतलं.

सगळ्यात साधा वाटलेला उपाय मात्र तिला सगळ्यात जास्त लागू पडला असं मला वाटतं. रोज दहा मिनिटं त्या जागेवर आधी कापूस, मग जुनं मऊ पातळ, मग टर्किश टॉवेल फिरवायचा. स्पर्श म्हणजे इजा नव्हे हे नसांना पुन्हा शिकवायचं. गणिताच्या बाईंना हे पटलं. पाढ्यांसारखं रोज करते. जोडीला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि झोपेची शिस्त. एवढ्याने भागलं नाही तर गुडघ्याभोवतीच्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात आणि त्याने तात्पुरता तरी चांगला आराम पडला तर रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे सुईच्या टोकाशी उष्णता देऊन, त्या नसा काही महिन्यांसाठी शांत करतात. ते अजून लागलेलं नाही.

या डॉक्टरांनी पूर्ण बरं करतो असं एकदाही म्हटलं नाही. १० पैकी ८ असलेलं दुखणं ४ वर आणू, झोप परत आणू, एवढंच. चार महिन्यांनी आई ४ सांगते, थंडीत ५.

पोलिसांत तक्रार द्यायला बाबा तयार नव्हते. शेवटी आईच उठली. भारतीय न्याय संहितेचं ३१८, म्हणजे फसवणुकीचं कलम आणि १९६१चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायदा यांखाली गुन्हा नोंदवला. बँकेच्या कॅमेऱ्यात स्कूटरवाला दिसतो. नंबर अर्थात बंद. ऑनलाइन पैसे दिले असते तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून ते अडवण्याची शक्यता तरी होती. रोख गेले ते गेले. घरी येणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे नोंदणी क्रमांक मागा आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर तो बघा. दोन मिनिटं लागतात. आयुर्वेद, होमिओपॅथीवाल्यांच्याही परिषदा आहेत. क्रमांक मागितल्यावर चिडणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि एकट्या राहणाऱ्या आईवडिलांच्या फोनजवळ १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून ठेवा.

मागच्या एकादशीला भजनी मंडळात आईने सगळं सांगितलं, पातळ वर करून चिराही दाखवल्या. सगळ्याजणी गेल्यावर एक काकू मागे राहिल्या. त्यांच्या डाव्या गुडघ्यावर तशाच चिरा होत्या. तीच पितळी नळी, तीच पर्वती. त्यांच्याकडून ६० हजार घेतले होते आणि त्यांनी घरात मुलालाही सांगितलेलं नव्हतं. आईने हात लावून बघितला तर गुडघा गरम लागला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला घेऊन आधी त्यांच्या सर्जनकडे गेले, मग पोलिसांकडे. तक्रार जोडून घेतली आहे. सांध्यातलं पाणी कल्चरला, म्हणजे जंतू आहेत का बघायला पाठवलंय, रिपोर्ट परवा मिळेल.