नवी शिडं शिवून घेतली: सात महिन्यांनंतर

मेच्या शेवटच्या आठवड्यात बोट पाण्याबाहेर काढली आणि दोन्ही शिडं गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून घरी आणली. सध्या ती पाहुण्यांच्या खोलीत गुंडाळी होऊन पडली आहेत. या पावसाळ्यात पाहुण्यांनी येऊ नये, असं घरात ठरलं आहे. नारळी पौर्णिमा जवळ आली की दरवर्षी ओळखीतलं कुणीतरी विचारतंच, "शिडं कुणाकडून घ्यावीत?" म्हणून यंदा आधीच सविस्तर लिहून ठेवतोय. दुकानांची नावं घालत नाही. एका बोटीच्या एका हंगामावरून कुणाचं नाव चांगलं-वाईट करायची माझी तयारी नाही.

आधी बोटीबद्दल. 26 फुटी, फायबरची, सेकंडहँड, गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच कायम बांधलेली) असते. शर्यतींत भाग घेत नाही. शनिवार-रविवार मांडवा, कधी घारापुरी, हंगामात एक-दोनदा खांदेरीला वळसा. हे आधी सांगितलं, कारण शीड शिवणाऱ्याने पहिल्यांदा हेच विचारायला हवं. मी ज्या तिघांशी बोललो, त्यांतल्या एकानेच विचारलं.

जुनी शिडं बोटीबरोबरच आली होती, वय बारा-चौदा वर्षं असावं. फाटली नव्हती, म्हणून मी दोन हंगाम दुर्लक्ष केलं. पण मांडव्याहून परत येणं हा त्रास होऊन बसला. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोजच्या जगण्यात येतात: थंडीत सकाळी जमिनीकडून पूर्वेचा हलका वारा, अकराच्या सुमाराला सगळं चिडीचूप, मग दुपारी वायव्येकडून खारा वारा भरतो. मांडवा ते गेटवे हे सात-आठ सागरी मैल जवळजवळ उत्तरेकडे, म्हणजे परतताना वारा तोंडावर. त्यात ओहोटी लागली तर पाणीही विरुद्ध. आमची बोट वाऱ्याच्या जवळ जायचीच नाही. एका बाजूला कलायची आणि खेकड्यासारखी तिरकी सरकत राहायची. फोनवरच्या जीपीएसवर दोन टॅकमधला, म्हणजे वारा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून घेतानाच्या दिशांमधला, कोन मोजला तर 110 अंशांच्या पुढे.

बोट सांभाळणारा थळचा तांडेल एकदा वर बघून म्हणाला, "साहेब, शीड म्हातारं झालं. पोट मागं गेलंय त्याचं." इतकं नेमकं निदान नंतर कुणीही केलं नाही. शिडाचा फुगवटा पुढच्या बाजूला असेल तर वारा बोटीला पुढे ओढतो. कापड सैलावून तो मागे सरकला की तोच जोर बोटीला आडवी पाडायला लागतो. इंजिनची दोन-दोन वेळा सर्व्हिसिंग करणारे आपण शिडाकडे मात्र फाटेपर्यंत बघत नाही.

तीन ठिकाणी भाव काढले. एक मोठी नावाजलेली कंपनी, मधल्या एजंटामार्फत. एक आग्नेय आशियातला मोठा लॉफ्ट, म्हणजे शिडं शिवणारा कारखाना, जिथे सगळा व्यवहार ईमेलवर होतो. आणि तिसरे माझगावच्या गल्लीतले एक चाचा, मूळचे रत्नागिरीकडचे, जे एरवी ताडपत्र्या, बोटींची आच्छादनं आणि शिडांची डागडुजी करतात, आणि वर्षाकाठी दोन-चार नवी शिडंही शिवतात. कंपनीचा भाव चाचांच्या जवळजवळ तिप्पट होता. एजंटाने माझ्या बोटीपेक्षा लॅमिनेट (थर चिकटवलेल्या) कापडाबद्दल जास्त वेळ सांगितलं. मूरिंगवर उन्हात पडून राहणाऱ्या, शर्यत न खेळणाऱ्या बोटीला लॅमिनेट कशाला? आम्हाला साधं विणलेलं पॉलिस्टर, म्हणजे डॅक्रॉनच हवं होतं. तो दरवाजा तिथेच बंद झाला.

भाव ताडून बघताना एक गोष्ट घोळात टाकते. एकाने कापड 6.5 औंसाचं लिहिलं, दुसऱ्याने 280 ग्रॅमचं. मला वाटलं दुसरं जाड असेल. शिडाच्या कापडाचा औंस पूर्ण चौरस वाराचा नसतो. 36 इंच लांब आणि 28.5 इंच रुंद तुकड्याचं ते वजन असतं. त्या हिशोबाने एक औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण 43 ग्रॅम, आणि 6.5 औंस म्हणजे 278 ग्रॅम. दोघं एकच कापड सांगत होते.

शेवटी काम विभागलं. मेनसेल, म्हणजे डोलकाठीमागचं मुख्य शीड, चाचांकडे. जेनोआ, म्हणजे फर्लरवर (शीड गुंडाळणाऱ्या यंत्रणेवर) चढणारं पुढचं शीड, बाहेरच्या लॉफ्टकडे. दोन्ही एकाच हाताची असावीत असं जाणकार म्हणतात, आणि ते बरोबर असणार. पण चाचा स्वतःच म्हणाले, "फर्लरचं मला जमेल, पण त्यात माझा हात बसलेला नाही." असं सरळ सांगणाऱ्या माणसाकडे दुसरं शीड आपोआपच जातं.

चाचा माप घ्यायला भल्या सकाळी बोटीवर आले, वारा पडलेला असताना. मला वाटलं टेप लावतील आणि जातील. त्यांनी आधी मेनचा हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, डोलकाठीच्या मुळाशी ताणून बांधला आणि दोरी व काठी यांच्यात मधोमध किती फट पडते ते मोजलं. चार सेंटिमीटर. म्हणजे आमची काठी मुळातच तेवढी वाकलेली आहे. शिडाची पुढची कड त्या बाकाप्रमाणे कापली नाही तर शीड एक तर सपाट फळकुट होतं किंवा पोट सुटल्यासारखं दिसतं. मग बॅकस्टेपर्यंतचं, म्हणजे काठीला मागून ताणणाऱ्या तारेपर्यंतचं, अंतर बघून म्हणाले, मागची कड जास्त गोल ठेवायला नको, दर वेळी तारेला घासेल. जुन्या शिडाची तीच रडकथा होती. बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, टोकाला हात लावून विचारलं, "इथे डोकं आपटतं का कुणाचं?" आपटत होतं, बायकोचं. त्यांनी मागचा कोपरा थोडा वर घेतला.

आता तक्रार. दसऱ्याला देतो म्हणाले, दिवाळीनंतर दिलं. दर फोनला "कापड आलंय", "कापलंय", "उद्या मशीनवर घेतो". ज्याने ब्लाउज शिवायला टाकलाय, त्याला ही वाक्यं पाठ असतील. नोव्हेंबरचे पहिले दोन वीकएंड जुन्या शिडावर गेले. शिडावरचा नंबर किंचित वाकडा बसला आहे. आणि कागद काहीच नाही: मापं त्यांच्या वहीत, आकार त्यांच्या डोक्यात. दहा वर्षांनी तेच शीड पुन्हा हवं असेल तर काय, हा प्रश्न मी त्यांना विचारू शकलो नाही. वय सत्तरीच्या घरात आहे.

लॉफ्टचं उलट. पहिल्याच दिवशी सहा पानी फॉर्म आला, आकृत्यांसकट. फर्लरच्या पट्टीची जाडी किती, शीट (शीड ओढायची दोरी) कुठून येते, गुंडाळी कोणत्या बाजूने होते, म्हणजे उन्हापासून वाचवणारी पट्टी कोणत्या अंगाला लावायची. सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी पार्सल निघालं. कस्टममध्ये आठवडा गेला. तिथे कळलं की शिडं 6306 या मथळ्याखाली येतात, ताडपत्र्या आणि तंबूंच्या पंक्तीला. चाचांचा धंदा सरकारने एका ओळीत लिहून ठेवलाय म्हणायचं! वाहतूक आणि कर धरून जेनोआचा भाव मूळ आकड्याच्या दीडपट झाला. भाव ताडताना हे धरा, मी धरलं नव्हतं.

शीड सुरेख होतं. कोपऱ्यांचे थर, शिवण, सगळं एकसारखं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चढवलं आणि पुढची कड ताणली जाईना. वरचा स्विव्हल (शीड वर नेणारा फिरता तुकडा) फर्लरच्या पट्टीच्या टोकाला टेकला तरी कडेला आडव्या सुरकुत्या तशाच. शीड लांब होतं, तब्बल 17 सेंटिमीटर.

चूक माझी. फॉर्ममध्ये लिहिलं होतं की टेप स्विव्हलच्या खालच्या कडीला बांधून वर चढवा. मी तो थेट हॅलयार्डला बांधला, त्यामुळे स्विव्हलची लांबी मापात आली. त्यांनी वरच्या टोकाचा फोटो मागितला होता, मी खालच्या ड्रमचा पाठवला. माप पुन्हा तपासून कळवा असंही लिहिलं होतं, आणि ऑफिसातून लंचमध्ये मी "बरोबर आहे" असं उत्तर ठोकलं होतं. शिंपी माप घेतो तेव्हा चूक त्याची असते. आपण माप लिहून पाठवलं की आपली. लॉफ्टचं वागणं मात्र चांगलं होतं. दोन दिवसांत उत्तर आलं, शीड पाठवा, फुकट दुरुस्त करून देतो. पण जाण्या-येण्याचा खर्च आणि पुन्हा तेच कस्टम! शीड चाचांच्या मजल्यावर अंथरलं. त्यांनी वरच्या कोपऱ्याला हात लावला नाही. खालच्या कडेची पट्टी उसवून पुढच्या बाजूने कापड कमी केलं, मागच्या कोपऱ्याकडे शून्यावर आणलं आणि पट्टी परत शिवली. नऊ हजार घेतले. शिवणीकडे बघत म्हणाले, "मशीन चांगलं आहे त्यांच्याकडे."

जानेवारीपासून दोन्ही शिडं नीट चालली. टॅकमधला कोन बऱ्या वाऱ्यात 95 अंशांच्या आसपास येतो. मांडव्याहून परतताना पूर्वी तीन तास लागायचे तिथे आता सव्वादोन, भरती साथीला असेल तर कमी. जास्त फरक सुकाणूत जाणवतो. पूर्वी दंड दुखायचा, आता दोन बोटांनी धरता येतं. तांडेलाने पहिल्या दिवशी वर बघितलं, मान हलवली आणि बिडी पेटवली. प्रशस्तिपत्रक म्हणून मला ते पुरलं.

मे महिन्यात दुपारचा वारा चढतो तेव्हा मेनचा पहिला रीफ (शीड लहान करायची घडी) पाच-सहा वेळा घेतला. चाचांनी रीफची कडी थोडी वर ठेवली आहे, त्यामुळे रीफ घेतल्यावर बूम खाली झुकत नाही. दुसरा रीफ एकदाच, खांदेरीहून येताना, तेव्हा त्याच्या कोपऱ्याजवळच्या दोरीने कापड थोडं घासलं. तिथे चामड्याचा तुकडा लावायचा आहे. वरच्या बॅटनच्या (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्टीच्या) खिशाची शिवण अर्धा इंच सुटली आहे, ती चाचांच्या खात्यात. जेनोआच्या उन्हाच्या पट्टीसाठी मी जाड ॲक्रिलिकऐवजी हलकं, ऊन सोसणारं डॅक्रॉन निवडलं होतं, कारण सकाळच्या मंद वाऱ्यात जड पट्टीने मागची कड लोंबते. सकाळचा फायदा मिळाला, पण निळा रंग एका हंगामातच फिकटला. चार वर्षांत ती पट्टी बदलावी लागेल असा माझा अंदाज. बाकी डाग आहेत ते गेटवेच्या लाँचच्या धुराचे आणि कावळ्यांचे. ते कुणीही शिवलं तरी पडणार.

नवं शीड घेणाऱ्याने माझं ऐकायचं असेल तर एवढंच: बोटीवर येऊन माप घेणारा माणूस मिळत असेल तर उशीर सोसा, वाटतं त्यापेक्षा दोन महिने आधी सांगा. ऑगस्टमध्ये सांगून ऑक्टोबरची अपेक्षा ठेवण्यात माझंच चुकलं. आणि बाहेरून मागवणार असाल तर टेप धरायला दुसरा माणूस घ्या आणि वाचलेला आकडा त्याच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

परवा चाचांकडे बॅटनचा खिसा शिवायला टाकला. जाताना वही आणि फोन घेऊन गेलो होतो. त्यांच्या वहीतल्या आमच्या बोटीच्या पानाचा फोटो काढू का, विचारलं. त्यांनी पान उघडून पुढे केलं. बोटीच्या नावाशेजारी चार सेंटिमीटर, मागच्या कडेचे आकडे, आणि खाली उर्दूत एक ओळ. ती काय म्हणून विचारलं, तर म्हणाले, "बाईंचं डोकं आपटतं."