ओपनडब्ल्यूआरटी: तीन राउटर, एकच वायफाय

घरात तीन राउटर लावले म्हणून एक सलग वायफाय मिळत नाही. फोन हॉलमधल्या राउटरला धरून बसतो आणि वरच्या खोलीत गेलं तरी सोडत नाही. शेजारी दुसरा राउटर भरभरून सिग्नल देत असतो, आणि इकडे व्हिडिओ कॉल रडतरखडत चाललेला. ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत फर्मवेअर (राउटर चालवणारं, मूळच्या जागी बसणारं सॉफ्टवेअर) तिन्हींवर टाकून मी हा त्रास संपवला, आणि मी त्यावर बेहद्द खूश आहे.

पाया साधा आहे. उपकरणांना आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, वाटायचं काम (डीएचसीपी) एकट्या मुख्य राउटरचं. बाकी दोघांचं डीएचसीपी बंद करून ते नुसते ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पुरवणारे, केले आणि लॅन केबलने जोडले. नाव, पासवर्ड, सिक्युरिटी तिन्हीकडे तंतोतंत एक. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल मात्र वेगवेगळे: १, ६ आणि ११.

मग ८०२.११आर, म्हणजे एका राउटरवरून दुसऱ्यावर झटपट जाण्याची सोय. लूसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीच्या ब्राउझरमधल्या सेटिंगच्या पानांवर) फास्ट ट्रान्झिशनवर टिक करायची आणि तिन्हीकडे मोबिलिटी डोमेनचा (हे राउटर एकाच गटातले, ही खूण) एकच चार अंकी हेक्स आकडा द्यायचा. राउटर बदलताना सुरक्षेच्या चाव्यांची देवाणघेवाण मग जोडणीच्या संदेशांतच उरकते, त्यासाठी वेगळी फेरी लागत नाही. पण राउटर कधी बदलायचा, हे फोनच ठरवतो. आयफोनचा उंबरठा ॲपलने जाहीरच केला आहे: उणे ७० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). सिग्नल त्याच्या खाली घसरेपर्यंत तो दुसरीकडे बघतसुद्धा नाही.

म्हणून माझ्या मते खरी किल्ली ट्रान्समिट पॉवरची, म्हणजे राउटर किती जोराने सिग्नल सोडतो त्याची, आहे. हॉलमधल्या राउटरची पॉवर २० डीबीएमवरून १४ वर आणली, म्हणजे जवळपास चौथाई. लोक पॉवर वाढवायला बघतात, इथे ती कमी करावी लागते, म्हणजे दूर गेल्यावर सिग्नल उंबरठ्याखाली लवकर जातो! लॅपटॉपवर दोन राउटरांची, जोडलेली उपकरणं दाखवणारी लूसीची पानं शेजारी उघडून ठेवली आणि मुलाला कॉल चालू ठेवून जिना चढायला सांगितलं. सिग्नलचा आकडा उणे ५८, ६६, वळणावर ७२ झाला आणि त्याच्या फोनची ओळ एका पानावरून जाऊन दुसऱ्या पानावर उमटली. कॉलमधला आवाज जराही तुटला नाही. हे डोळ्यांसमोर घडताना बघायला मिळतं, यासाठीच मला हे फर्मवेअर इतकं आवडतं.

आता उणी बाजू. शेजारच्या राउटरांची यादी फोनला देणारं ८०२.११के आणि ‘तिकडे जा’ असं सुचवणारं ८०२.११व्ही हवं असेल, तर सोबत येणारं डब्ल्यूपॅड-बेसिक (वायफायची जोडणी सांभाळणारं पॅकेज) काढून पूर्ण डब्ल्यूपॅड टाकावं लागतं. नवख्या माणसाला हे आपोआप कळण्यासारखं नाही. शिवाय काही जुनी उपकरणं ११आर असलेल्या नेटवर्कला जोडलीच जात नाहीत. आमचा प्रिंटर त्यातलाच. त्याच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झवर ११आर नसलेलं, वेगळ्या नावाचं वायफाय काढलं. तो कुठे फिरतोय!

केबल ओढायची तयारी नसेल, किंवा सेटिंगमध्ये डोकं घालायचं नसेल, तर तयार मेश संच (आपापसांत जुळणाऱ्या राउटरांचा जोड) घ्या. बाकीच्यांनी हे जरूर करून बघावं. फक्त राउटर निवडताना ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर यादीत मॉडेलसोबत त्याचं व्हर्जनही जुळवून घ्या, कारण नाव तेच असलं तरी आतली चिप वेगळी निघू शकते.