फुकट दिलेलं टेबल चौथ्या दिवशी विक्रीला: वस्तू वाटायच्या अ‍ॅपचा दीड वर्षाचा अनुभव (५ पैकी ३ स्टार)

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अशी बरीच अ‍ॅप आहेत आणि सगळ्यांचा साचा एकच. नको असलेल्या वस्तूचा फोटो टाका, ज्याला हवी तो मेसेज करेल, येऊन घेऊन जाईल, पैशाचा संबंध नाही. मी दीड वर्ष वापरतेय, आत्तापर्यंत १९ वस्तू दिल्या आणि ६ घेतल्या. म्हणजे हा रिव्ह्यू कुणी दोन दिवस वापरून वैतागून लिहिलेला नाही, वैताग आहे पण मुरलेला आहे.

आधी चांगलं सांगते. फोन नंबर द्यावा लागत नाही, बोलणं अ‍ॅपमध्येच होतं. नकाशावर घर दिसत नाही, नुसता मोठा गोल दिसतो, आणि पत्ता आपण ज्याला देऊ त्यालाच कळतो. वस्तू गेली अशी खूण केली की बाकीच्यांचे मेसेज आपोआप बंद होतात, हे ज्याने केलं त्याचं भलं होवो. आणि खरंच, घरातून सामान हलतं. जे कपाट भंगारात द्यायला जीव होत नव्हता आणि ठेवायला जागा नव्हती ते दोन दिवसात गेलं, वर नेणाऱ्या आजींनी त्यात नातीची पुस्तकं लावल्याचा फोटो पाठवला. त्या फोटोसाठी मी पुढच्या दहा पोस्ट टाकल्या असतील.

आता टेबल.

लेकाचं स्टडी टेबल होतं, तो उंच झाला आणि गुडघे अडकायला लागले. टेबलाच्या खालच्या बाजूला त्याने कधीतरी जांभळ्या स्केचपेनने १७ चा पाढा लिहून ठेवलेला, तोही १७ सक १०२ पर्यंतच, पुढचा येत नसावा. पोस्ट टाकली आणि तिसऱ्या मिनिटाला पहिला मेसेज, "ताई, भाचीला अभ्यासाला हवंय, खाली बसून पाठ दुखते तिची, आज संध्याकाळीच नेतो." दहा-बारा मिनिटांनी एका बाईंचा आला, त्या घरून काम करतात आणि लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर ठेवतात, शनिवारी नेलं तर चालेल का. मी म्हटलं भाची आधी, शिवाय आजच जातंय, हॉलमधली अडगळ सुटली. बाईंना तसं कळवलं तर त्यांचं उत्तर, "हरकत नाही, पोरीचा अभ्यास होऊ दे आधी."

चौथ्या दिवशी मी जुन्या वस्तू विकायच्या एका दुसऱ्याच अ‍ॅपवर मांडणी शोधत होते आणि समोर आमचं टेबल. फोटो माझाच! म्हणजे मी काढलेला, कोपऱ्यात माझी निळी चप्पल तशीच. खाली लिहिलेलं, "स्टडी टेबल, सॉलिड लाकूड, घरगुती वापर, भाव फिक्स." अहो प्लायवूडचं टेबल ते, चार दिवसात लाकूड कुठून आलं.

राग आला, खोटं कशाला बोलू. पण पैसे आपल्याला मिळाले असते म्हणून नाही आला, मला विकायचं असतं तर मीच विकलं असतं, मला तो व्याप नको होता म्हणून तर दिलं. राग आला तो इस्त्रीच्या टेबलाचा. त्या बाईंना मी नाही म्हटलं एका भाचीसाठी, आणि आता त्यांना तेच टेबल हवं असेल तर पैसे मोजावे लागणार. म्हणजे माझं काहीच गेलं नव्हतं, गेलं ते त्यांचं होतं, आणि द्यायचा हात माझा.

अ‍ॅपवर तक्रार करायला गेले तर कारणांच्या यादीत शिवीगाळ आहे, बनावट प्रोफाइल आहे, न सांगता आले नाहीत हे पण आहे, पण फुकट घेऊन विकलं हे नाहीच. 'इतर' निवडून मोठा निबंध लिहिला. दोन दिवसांनी उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, वस्तू दिल्यानंतर ती घेणाऱ्याच्या मालकीची होते, समाजभावना जपावी अशी आम्ही सर्वांना विनंती करतो. बस. विनंती!

मालकीचा मुद्दा खरा आहे म्हणा. बिनशर्त दिलेली वस्तू समोरच्याने घेतली की ती त्याची, तो वापरेल, विकेल, माळ्यावर टाकेल. दिलं म्हणायचं आणि मागून दोरी धरून ठेवायची याला देणं म्हणत नाहीत. पण मी दिलं ते भाचीला, आणि भाची होती का?

म्हणून मी सरळ त्यालाच विचारलं. हे करू नका असं सगळे सांगतात, मी केलं. मेसेज बऱ्यापैकी तिखट होता, आयत्या बिळावर नागोबा वगैरे. त्याचं उत्तर तासाभराने आलं आणि ते मी जवळजवळ जसंच्या तसं देते. "ताई, टेबलाचा मागचा पाय हलत होता. तुम्ही लिहिलं नव्हतं. गाडीभाडं माझं, नवा अँगल टाकला, कडेची पट्टी निघालेली ती चिकटवली, खाली पेनाचं लिहिलेलं पुसायला गेलो तर पुसलं नाही. तुम्हाला नको होतं, मी चालतं केलं. चुकलं काय सांगा."

पाय हलत होता. मला माहीत होतं. पोस्टमध्ये मी लिहिलेलं "उत्तम स्थितीत", कारण हलतो लिहिलं तर कोण नेणार, आणि पायाखाली कागदाची घडी सरकवली की उभं राहायचं नीट. आता मी कुठली धुतल्या तांदळाची. त्यात आठवलं की लेकाला आम्ही याच अ‍ॅपवरून वाजवायचा कीबोर्ड घेतला होता, त्याने तो वर्षभर वाजवला आणि सोडला, तेव्हा मी तो विकला होता. परत फुकट टाकावा असं मनात पण आलं नव्हतं. वर्षभर वापरून विकलं तर चालतं आणि चार दिवसात विकलं तर चोर, मग मधली रेघ नक्की कितव्या दिवशी ओढायची?

तरी विचारलं, दादा, पायाचं बरोबर आहे, पण भाचीचं काय. तर म्हणाला, "भाची म्हटल्याशिवाय कोण देतं ताई."

या एका वाक्यावर मी आठवडाभर अडकले होते. कारण त्याचं खरं आहे. "विकायला हवंय, दुरुस्त करून विकतो" असं त्याने लिहिलं असतं तर मी दिलं नसतं. मग आपण लोकांकडून गोष्टी वदवून घेतो, कुणाची पाठ दुखते, कुणाचं नवीन घर, कुणाची परीक्षा, आणि त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट जिंकते. ज्याला आपली अडचण चारचौघात सांगायला लाज वाटते तो एका ओळीत "मला हवंय" लिहितो आणि हरतो. खोटं बोलणाऱ्याची चूक आहेच, त्याला मी सोडत नाहीये, खोटी गरज सांगून खऱ्या गरजेच्या पुढे घुसणं हीच या सगळ्यातली घाण आहे. पण ती घाण विकण्यात नाही, मागण्यात आहे, हे मला टेबलापर्यंत कळलं नव्हतं.

मग मी जरा मागचं वाचलं. फ्रीसायकल, म्हणजे फुकट वस्तू वाटणाऱ्यांचं जाळं, २००३ च्या मे महिन्यात अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टुसॉनमध्ये सुरू झालं, डेरॉन बील नावाच्या माणसाने, साध्या ईमेल ग्रुपवर. तिथला मूळ उद्देश वस्तू कचऱ्याच्या डोंगरावर जाऊ नये हा. या हिशोबाने बघितलं तर माझ्या टेबलवाल्याने काम चोख केलंय, हलणारं टेबल चार-सहा महिन्यात कुठेतरी कचऱ्यात गेलं असतं, त्याने त्याला अँगल लावून आयुष्य वाढवलं. बाय नथिंग, म्हणजे शेजाऱ्यांनी आपसात फुकट देण्याघेण्याचे ग्रुप, मात्र २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी सुरू केलं, आणि तिथे जोर वस्तूपेक्षा शेजाऱ्यांच्या ओळखीवर. त्या हिशोबाने हाच माणूस घरात शिरून ताटावरून उठून गेल्यासारखा. दोन्ही हेतू चांगले, पण उत्तरं उलटी, आणि आमच्या अ‍ॅपला दोन्हीचं श्रेय हवंय, म्हणून ते विनंती करतं.

रस्त्याच्या कडेला पुस्तकांच्या छोट्या पेट्या असतात ना, एक घ्या एक ठेवा वाल्या, त्यांचा प्रसार अमेरिकेत २००९ पासून झाला, त्यांनाही हाच ताप. कुणीतरी येऊन पिशवी भरून पेटी रिकामी करतो आणि जुन्या पुस्तकांत विकतो. काही लोक मग पहिल्या पानावर "विक्रीसाठी नाही" असा शिक्का मारतात. मला ही आयडिया आवडली कारण ती आधीच सांगते, भांडण नंतर नाही. टेबलावर शिक्का कुठे मारणार, पण पोस्टमध्ये एक ओळ लिहिता येते. अ‍ॅपने त्यासाठी साधा खटका द्यायला हवा होता, "वापरणाऱ्यालाच" किंवा "विकलं तरी चालेल". नाहीये. अशी सोय करायला किती वेळ लागतो हो.

उलट अ‍ॅपने जे केलंय ते विक्रेत्यांच्या सोयीचं आहे. एक, मेसेज आलेल्या वेळेनुसार लावलेले दिसतात, सगळ्यात आधी आलेला सगळ्यात वर, आणि आपला अंगठा वरच्यावरच जातो. दोन, पटपट उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे वीज चमकते, म्हणजे दिवसभर फोन हातात असलेला माणूस भरवशाचा, आणि कामावर फोन कपाटात ठेवावा लागणारी बाई बेभरवशाची. तीन, आणि यावर मी एक अख्खा स्टार कापलाय, महिन्याचे पैसे भरले की नवीन पोस्टची सूचना इतरांच्या अर्धा तास आधी येते. फुकटच्या वस्तू आधी दिसायला पैसे भरणार कोण? ज्याला घरात वापरायला एक टेबल हवंय तो की ज्याचा धंदा आहे तो? म्हणजे माझ्या टेबलावर पहिली कमाई अ‍ॅपनेच केली, आणि मग मला समाजभावना शिकवली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, दुसरं काय.

बाय नथिंगच्या ग्रुपांमध्ये एक पद्धत आहे, पोस्ट लगेच कुणाला देऊन टाकायची नाही, दिवसभर-दोन दिवस मुरू द्यायची, उशिरा बघणाऱ्यांनाही मागू द्यायचं आणि मग निवडायचं. मी आता हेच करते. अडगळ दोन दिवस जास्त राहते, नवरा दोन दिवस जास्त कुरकुरतो, पण मेसेज वेगळे येतात. पहिल्या दहा मिनिटांत येणारे बहुतेक एकाच छापाचे असतात, "अजून आहे का, आज नेतो". रात्री साडेदहाला येणारे लांबलचक, अडखळत लिहिलेले असतात.

विक्रेता ओळखायच्या युक्त्या पण लोक सांगतात, बिल आहे का, खोका आहे का, मॉडेल नंबर काय, असं विचारलं की समजायचं. मी यावर फार विसंबत नाही. मॉडेल नंबर मी पण विचारते, सुटे भाग मिळतात का बघायला. आणि प्रोफाइलवर सतरा गोष्टी मागितलेल्या असल्या म्हणजे माणूस लबाडच असं नाही, नुकतं घर मांडणाऱ्याला सतरा गोष्टी लागतातच. एकाच गोष्टीत मी कडक आहे, बंद पडलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू. तांब्यासाठी वायर जाळून धूर करणारे आणि उरलेलं नाल्यात टाकणारे असतात, त्यामुळे तसल्या वस्तू मी आता इथे टाकतच नाही, ई-कचऱ्याच्या संकलनात देते.

इस्त्रीच्या टेबलवाल्या बाईंना मी खरं काय ते कळवलं होतं. त्या हसल्या, म्हणजे हसणाऱ्या चेहऱ्याची खूण पाठवली, आणि विचारलं की त्या लिस्टिंगची लिंक आहे का. मला आधी कळेना. त्यांनी ते टेबल विकत घेतलं! म्हणाल्या पाय पक्का आहे, आणि खाली कुणीतरी अर्धा पाढा लिहिलाय. मला तेव्हा हसावं की चिडावं कळलं नाही, अजून कळलेलं नाही.

तर तीन स्टार. एक पत्ता लपवण्याला, एक कपाटवाल्या आजींना, एक वस्तू हलतात याला. पैसेवाल्यांना आधी सूचना देणं बंद केलं तर चौथा देईन, खटका दिला तर पाचवा.

परवा ऑफिसची खुर्ची टाकलीये. या वेळी लिहिलं, "दोन चाकं तुटलीत, वरखाली होत नाही, आधी वापरणाऱ्याला, कुणीच नसेल तर विकायला नेली तरी चालेल." आत्तापर्यंत अकरा मेसेज आलेत. त्यात दोन भाच्या आहेत. आणि एक त्याचा, "ताई, विकायलाच हवीय. चाकं पाचही बदलावी लागतील, फोटोत दिसतायत, गॅसचा दांडा पण गेलाय." खुर्ची अजून हॉलमध्येच आहे, रविवारपर्यंत मुरू देतेय.