सुई की हात? आखडलेल्या खांद्यासाठी चिनी उपचार निवडताना

पन्नाशीच्या आसपास खांदा आखडला की चीनमध्ये त्याला ‘वू-शी-च्येन’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘पन्नाशीचा खांदा’. मला तो एक्कावन्नाव्या वर्षी झाला, शांघायमध्ये नोकरीला असताना. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, मागच्या खिशातलं पाकीट काढता येईना आणि रात्री त्या कुशीवर वळलं की झोपेतून ओरडत उठायचो. एक्स-रे, अस्थिरोगतज्ज्ञ, गोळ्या हे सगळं रीतसर झालं होतं. ऑफिसातले चिनी सहकारी मात्र एकच सांगत होते, त्यांच्या पद्धतीच्या रुग्णालयात जाऊन या.

तिथे गेल्यावर प्रश्न पडतो तो निवडीचा. सुई म्हणजे ॲक्युपंक्चर, तुइना म्हणजे हाताने केलेला उपचार, काचेच्या तुंबड्या की मोक्साची धग? वर्षभरात मी चारही घेतले. खरी तुलना सुई आणि तुइना यांचीच आहे, त्यामुळे बाकी दोघांचं आधी आटोपतो.

तुंबडी आपल्याला नवी नाही. शब्दच आपला आहे, फक्त आता तो दुसऱ्याच्या पैशावर तुंबड्या भरणाऱ्यांसाठी जास्त वापरला जातो. पेटता बोळा क्षणभर काचेच्या पेल्यात फिरवायचा आणि पेला पाठीवर ठेवायचा, की कातडी आत ओढली जाते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर दिसलेले गोल डाग याचेच. पाठ मोकळी झाल्यासारखी वाटते, हे खरं. पण माझा खांदा त्याने बोटभरही वर गेला नाही आणि डाग आठवडाभर राहिले. पाठ भरून आली असेल तर जरूर घ्या, आखडलेल्या सांध्यासाठी एकट्या तुंबडीवर विसंबू नका.

मोक्सा ही वाळवून कुटलेल्या ‘आय’ या वनस्पतीच्या पानांची धग. ही आपल्या दवण्याच्याच कुळातली. जोतिबाला वाहतात त्या दवण्याची ही चिनी चुलत बहीण म्हणा. चिनी पाचव्या महिन्यात, ड्रॅगन बोटीच्या सणाला, हिच्या डहाळ्या दाराला लावतात. माझ्या बायकोला गुडघ्यांसाठी ही धग फार मानवली आणि थंडीत ती त्यासाठी वाट बघायची. धूर मात्र कपड्यांत बसतो, तो दोन धुण्यांनीही जात नाही. गुडघा, कंबर आणि ‘गार पडलेलं’ दुखणं असेल तर हिचा विचार करा.

आता सुई.

सुईची भीती वाटत असेल तर ती पहिल्या पाच मिनिटांत जाते. इंजेक्शनच्या सुईशी तिचं काही नातं नाही. ती भरीव असते, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची, आणि एकदाच वापरून टाकतात. टोचल्याचं दुखणं जवळजवळ नसतंच. त्यानंतर डॉक्टर सुई किंचित फिरवतात आणि विचारतात, ‘स्वान पु स्वान?’ चिनी वैद्य रुग्णाकडून चार शब्दांची वाट बघतात: स्वान, मा, चांग, चोंग. मा म्हणजे मुंग्या, चांग म्हणजे आतून फुगल्यासारखं, चोंग म्हणजे जड. पहिला शब्द, स्वान, मला कळेना. दुभाष्याचं काम करणारी सहकारी म्हणाली, ‘स्वान म्हणजे आंबट.’ खांद्यात सुई टोचल्यावर आंबट लागतं का, हा कसला प्रश्न? दोन दिवसांनी जिना चढताना माझ्याच तोंडून निघालं, ‘चालून चालून पाय आंबले.’ तिथेच थबकलो. आपणही दुखण्याला आंबणंच म्हणतो की! पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी आत लक्ष दिलं, आणि खांद्यात खोलवर कुठेतरी ते नेमकं आंबणं होतं. ‘स्वान,’ म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि सुई तिथेच ठेवली.

हे इतकं लांबवून सांगितलं, कारण चिनी उपचारात रुग्णाने हे शब्द बोलणं हा उपचाराचाच भाग आहे. सुई असो की हात, तुम्ही गप्प पडून राहिलात तर समोरच्याला दिशा मिळत नाही. आणि मराठी माणसाला स्वान कळायला शब्दकोश लागत नाही.

सुईमागच्या विद्येबद्दल मला आदर आहे, तो आधी नोंदवतो. १०२७ च्या सुमारास चीनच्या सोंग राजघराण्याच्या दरबारात वांग वेइयी यांनी सुई टोचायचे बिंदू दाखवणारे काशाचे पुतळे ओतून घेतले. पुतळ्याला मेण लावून आत पाणी भरायचं आणि विद्यार्थ्याची सुई बरोबर छिद्रात गेली तरच पाणी बाहेर यायचं, अशी परीक्षा असे. बिंदूचं अंतर मोजतात ते रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीने, जसं आपल्या आयुर्वेदात स्वतःच्या अंगुलांनी मोजतात. युनेस्कोने २०१० मध्ये सुई आणि मोक्सा यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. माझ्या पहिल्या वृद्ध डॉक्टरांनी मी महाराष्ट्रातला आहे हे कळल्यावर हातातली सुई बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘ख तीह्वा!’ सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं हे चिनी नाव. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले, त्यांतले कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बसू नंतर चीनमध्ये सुईची विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात रुजवली. टेबलावर आडवा असताना, उघड्या खांद्याने, मला भरून आलं होतं.

आणि तरीही सहा आठवड्यांनी मी सुई सोडली.

कारण एकच: सुया लावल्यानंतरचा अर्धा तास. डॉक्टर येतात, सात-आठ सुया लावतात, वर तापणारा दिवा ओढून ठेवतात आणि पडदा सरकवून पुढच्या रुग्णाकडे जातात. सहा खाटांची खोली, गर्दी मोठी, त्यांचा दोष नाही. तुम्ही मात्र डाव्या कुशीवर, उजवा हात उशीवर ठेवून, तसेच. हलायचं नाही. पहिली दहा मिनिटं बरं वाटतं. पंधराव्या मिनिटाला डावी बाजू बधिर होते. दिव्याची उष्णता वाढते, तो चार बोटं वर सरकवायला कोणी नसतं. पलीकडच्या खाटेवरच्या आजींची हाक ऐकून नर्स त्यांच्याकडे गेलेली असते. मग मी नकळत खांदा धरून ठेवायला लागायचो. अंग आक्रसायचं. ज्या खांद्याचं सगळं दुखणं न हलण्याचं होतं, रात्रभर जो मी जपून एकाच स्थितीत ठेवत होतो, त्याला उपचारातही पुन्हा तेच. सुया काढून उठलो की पहिले दोन-तीन क्षण हात जागचा हलत नसे. घरी येईपर्यंत सुईने दिलेलं थोडं या अर्ध्या तासाने परत घेतलेलं असायचं.

तुम्हाला असं होईलच असं नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ सुया लागताच घोरायला लागायचे आणि त्यांना उत्तम गुण आला. ज्याला निश्चल पडून विसावा मिळतो, त्याच्यासाठी सुईचा हिशोब वेगळा ठरतो.

सुईचा एक प्रकार मात्र मी आजही हसत घेईन. गर्दी नसलेल्या एका सकाळी त्याच डॉक्टरांनी खांद्याला हात न लावता नडगीच्या बाजूला, त्यओखौ नावाच्या बिंदूत, लांब सुई घातली आणि ती फिरवत म्हणाले, ‘आता हात वर करा.’ मी उभा होतो, पायात तो आंबलेला ठणका, आणि हात रोजच्यापेक्षा वीतभर वर गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाली आला होता, पण ती वीत मी डोळ्यांनी पाहिली. सुई हलत्या माणसाला लावली तर माझी तक्रार उरत नाही. अडचण अशी की त्यासाठी डॉक्टरांना पूर्ण वेळ तुमच्यापाशी उभं राहावं लागतं.

तुइनात नेमकं तेच मिळतं. पूर्ण वेळ एक माणूस.

घराजवळ एक अंध शिफू बसायचे. शिफू म्हणजे उस्ताद. चीनमध्ये दृष्टिहीनांना हे काम शिकवण्याची जुनी रीत आहे. तुइनाला आपण मालिश म्हणून मोकळे होतो, पण तेल नसतं आणि कपडे काढावे लागत नाहीत. अंगावर एक चादर टाकतात आणि वरून काम चालतं. संकोच वाटणाऱ्या कोणालाही, विशेषतः बायकांना, हा फरक महत्त्वाचा वाटेल. शांघायच्या परंपरेत ‘कुन’ नावाची हातोटी आहे. हाताची मागची बाजू, करंगळीकडून, खांद्यावर लाटण्यासारखी पुढे-मागे फिरते, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा, आणि जोर नुसत्या मनगटातून नव्हे तर कोपरापुढच्या हाताच्या हेलकाव्यातून येतो. शिकणारे महिनोन्महिने हे पिशवीवर करतात, मग माणसावर.

पहिल्या दिवशी शिफूंनी काही विचारलंच नाही. अंगठा दंडावरून सरकवत नेला आणि एका जागी थांबवला. माझा श्वास अडकला तसा त्यांचाही अंगठा हलका झाला. ‘स्वान?’ ‘स्वान.’ मग ते त्याच जागी राहिले, ती सैल होईपर्यंत. पंधरा मिनिटं असं झाल्यावर एका हाताने खांदा धरला, दुसऱ्याने माझं कोपर, आणि जिथे हात अडत होता त्याच्या एक सूत पुढे नेऊन परत आणला. पुन्हा एक सूत. मी कण्हलो की थांबायचे. या देवघेवीसाठीच मी तिथे जात राहिलो. सुई माझं दुखणं ऐकते ती लावताना आणि काढताना, शिफूंचा हात चाळीस मिनिटं ऐकत असायचा.

त्यांनी घरी भिंतीवर बोटं चालवत वर न्यायला सांगितलं होतं. मी रोज रात्री जिथपर्यंत बोटं पोचत तिथे पेन्सिलीची रेघ मारायचो. सुईच्या सहा आठवड्यांनंतर पहिली रेघ हनुवटीच्या उंचीला होती. तुइनाच्या दोन महिन्यांत ती कपाळावर गेली. मग वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, शिफू महिनाभर गावी गेले आणि मी पुन्हा सुयांकडे वळलो. त्या महिन्यात रेघा एकावर एकच पडत गेल्या. शिफू आल्यावर पुन्हा चढायला लागल्या, आणि एका रविवारी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा मी उजव्या हाताने काढला. बायकोने तो पाहिला आणि काही न बोलता पोहे भिजवायला घेतले.

याला कोणी मोजमाप म्हणणार नाही, हे मान्य. आखडलेला खांदा एक ते तीन वर्षांत बऱ्याचदा आपणहून सुटतो, त्यामुळे श्रेय शिफूंचं किती आणि काळाचं किती हे सांगणं कठीण. सुईवर संशोधन पुष्कळ झालंय आणि जुनाट दुखण्यासाठी काही देशांच्या मार्गदर्शक सूचनांत तिला जागाही आहे. खऱ्या आणि तुलनेसाठी नुसता टोचल्याचा आभास देणाऱ्या नकली सुईच्या परिणामातला फरक मात्र बऱ्याच अभ्यासांत लहानच निघतो. तुइनावर तसा अभ्यास त्याहून कमी आहे. कागदावर बघून निवडायचं असेल तर सुईचं पारडं जड आहे. माझ्या भिंतीवर बघून निवडायचं असेल तर हाताचं.

तुइनाच्याही अडचणी आहेत. दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं दुखतं. सगळं एका माणसाच्या हातावर अवलंबून असतं: शिफू नसताना एका तरुणाकडे गेलो, त्याने जोर लावला आणि दोन रात्री झोप आली नाही. हाडं ठिसूळ असतील तर हा मार्ग नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दोन्हींच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहींचा खांदा जास्त आखडतो, तेव्हा साखर तपासल्याशिवाय कुठेच जाऊ नका.

महाराष्ट्रात निवड करायची असेल तर चित्र बदलतं. ॲक्युपंक्चरसाठी आपल्याकडे २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणीसाठी परिषद आहे, नोंदणी विचारून जाता येतं. शिकलेला तुइनावाला मला पुण्यात शोधूनही सापडला नाही. तिथे सुईच घ्या, पण पहिल्याच भेटीत विचारा की सुया लावून मला हलवणार का, आणि त्या वेळात खोलीत कोण असेल. उत्तर ‘नुसतं पडून राहा’ असं असेल, तर मी तरी चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जाईन. तिथे निदान माणसाचा हात असतो.

चीनमध्ये असाल आणि तुइनाला जाणार असाल तर दोन वाक्यं पाठ करून जा. जोर कमी करायला ‘छिंग यी त्येन’. आणि मानेला झटका देऊन कटकन आवाज काढायची काहींना सवय असते, तो मी कधीच घेतला नाही; त्यासाठी आडवं होण्याआधीच सांगायचं, ‘पू याओ पान पो-त्झ’, मान मोडू नका.