पायथन ३.१३ : दोन महिने वापरून झाल्यावर

मी रावेरला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशोबाचं काम बघतो आणि संध्याकाळी पाच-सहा पोरांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो, म्हणून सांगतो, ऑक्टोबर २०२४ ला आलेलं तिचं ३.१३ व्हर्जन नवशिक्यांसाठी खरंच भारी आहे भो. प्रॉम्प्टच, म्हणजे कोड टाइप करून लगेच चालवून बघायची जागाच, बदललीय. आधी चार ओळींचा फॉर लूप (तेच काम परत परत करणारा कोड) लिहिला आणि दुसऱ्या ओळीत चूक निघाली की वरचा बाण दाबून दाबून एकेक ओळ परत आणावी लागायची, आता अख्खा लूप एकदम येतो, तिथंच दुरुस्त करा. एरर पण रंगीत दिसते. नुसतं एक्झिट टाइप केलं तरी बाहेर पडतं, कंस लागत नाही!

परवा एका पोरीनं फाईलला रँडम डॉट पीवाय नाव दिलं अन् रँडइंट (कुठलाही एक आकडा काढून देणारं फंक्शन) काही केल्या चालेना, तर एररमध्येच लिहून आलं की फाईलचं नाव बदलून बघ, याच नावाचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोडची फाईल, पायथनमध्ये आहे. जुन्या व्हर्जनवर याच्यापायी माझा अख्खा दिवस गेला होता.

एक मात्र सांभाळा. सीजीआयसकट (वेबपानावरून भरलेली माहिती स्क्रिप्टला देणारं) १९ जुनी मॉड्यूल काढून टाकलीयेत, आमची वजनपावतीची स्क्रिप्ट सीजीआयवरच होती, ती इम्पोर्टलाच बंद पडली. ३.११ पासून वॉर्निंग येत होती, ती मी वाचायला पाहिजे होती. सध्या पिपनं (पायथनची पॅकेजं टाकायचं साधन) लेगसी-सीजीआय, म्हणजे त्याच जुन्या मॉड्यूलचं वेगळं पॅकेज, टाकून भागवलंय. जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं कुलूप) बंद करायची सोय अन् जिट (चालता चालता कोड मशीनच्या भाषेत बदलून वेग वाढवायची सोय) दोन्ही ३.१३ मध्ये प्रायोगिक आहेत, धंद्याच्या मशीनवर इतक्यात नको.