कॉर्डलेस व्हॅक्यूम आणि बेंच पॉवर सप्लाय: सात महिने वापरल्यावर

गणपतीच्या आदल्या रात्री परभणीत लाईट तीनदा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा व्हॅक्यूमच्या अ‍ॅडॉप्टरमधून फट् आवाज आला आणि जळका वास सुटला. व्हॅक्यूम मात्र ठणठणीत. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: नुसता अ‍ॅडॉप्टर मिळत नाही, ऑर्डर टाका, कधी येईल सांगता येत नाही.

मग सुरू झाले घरगुती सल्ले. भाच्याने फवारणी पंपाचा चार्जर आणला. तो १२ व्होल्टच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा, इथे त्याचा काय उपयोग? शेजारच्या काकांनी आरओ फिल्टरचा अ‍ॅडॉप्टर काढून दिला. तो २४ व्होल्टचा, वर पिनही बरोबर बसली. पिन बसली की माणसाला वाटतं जमलं! पण माझ्या जुन्या अ‍ॅडॉप्टरवर आउटपुट २६.५ व्होल्ट, ०.५ अँपिअर लिहिलेलं होतं आणि आरओवाल्यावर २.५ अँपिअर. बॅटरी उतरलेली असताना तो किती करंट ढकलेल, याचा भरवसा नाही. परत दिला.

शेवटी ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा बेंच सप्लाय घेतला, म्हणजे नॉब फिरवून व्होल्टेज आणि करंटची मर्यादा ठरवता येते आणि दोन्ही मीटरवर दिसतात असा टेबलावरचा डबा. महाग पडला, पण सोल्डरिंगची हौस असल्याने घरात खपून गेला. व्हॅक्यूमची बॅटरी २१.६ व्होल्टची, म्हणजे ओळीने सहा लिथियम सेल. प्रत्येकी ४.२ धरले तर फुल्ल चार्ज २५.२ व्होल्टला. मी २५ वर थांबतो आणि करंटची मर्यादा ०.५ वर. जुन्या अ‍ॅडॉप्टरची वायर कापून तिलाच सप्लाय जोडला. पांढरी रेघ असलेली तार प्लस असते असं ऐकून होतो, पण मल्टिमीटर लावल्याशिवाय पिन आत घातली नाही. आकड्यापुढे वजाचं चिन्ह दिसलं असतं, तर तारा उलट्या जोडल्यात हे तिथेच कळलं असतं. आणि हो, चार्जिंग व्हॅक्यूमच्या सॉकेटमधूनच. पॅक उघडून थेट सेलला तारा लावल्या तर आतलं संरक्षण देणारं सर्किट बाजूला पडतं. ते मी कधीच करणार नाही.

व्हॅक्यूमचा हिरवा दिवा तेव्हापासून लागलेला नाही. २५ व्होल्टला त्याला बॅटरी भरली असं वाटतच नसावं. पहिले दोन आठवडे चुकल्यासारखं वाटायचं. आता मीटर बघतो: बराच वेळ करंट ०.५० वर घट्ट, मग व्होल्टेज २५ ला टेकलं की ०.३०, ०.१२, ०.०४ असा उतरत जातो. तिथे पिन काढायची. चालण्याचा वेळ थोडा कमी झालाय, पण दोन खोल्या आणि ओसरी एका दमात होते.

डिसेंबरमधला प्रसंग सांगायलाच हवा. चार्जिंग लावून मी दळण आणायला गेलो. परत आलो तर मीटरवर २८.४ व्होल्ट आणि ०.०० अँपिअर. आई म्हणाली, "लई धूळ बसली होती रे त्या डब्ब्यावर, म्हणून पुसून घेतलं." फडक्याने व्होल्टेजचा नॉब फिरला होता! आतल्या सर्किटने चार्जिंग तोडलं म्हणून वाचलो. बॅटरी हाताला गार होती, तरी दिवसभर अंगणात ठेवून बघितली. तेव्हापासून दोन्ही नॉबवर चिकटपट्टी आणि मी घराबाहेर असताना चार्जिंग बंद.

मूळ अ‍ॅडॉप्टर हाताला गरम लागायचा, हा सप्लाय तसा लागत नाही. फॅन मात्र गुणगुणतो. लाईट गेली तर पिन लगेच काढायची, कारण बॅटरीचा करंट उलटा सप्लायमध्ये जाऊ शकतो. लाईट परत आली की माझा सप्लाय आउटपुट बंद ठेवूनच चालू होतो. आधी वैताग यायचा, आता बरंच वाटतं.

एप्रिल लागल्यापासून वेळ बदललीय. दुपारी पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते आणि ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करू नये. त्यात झाडून झाल्यावर पॅक आधीच तापलेला. म्हणून तो रात्रभर तसाच ठेवतो आणि पहाटे पाचला शहाबादी फरशीवर चार्जिंगला लावतो, गादीजवळ नाही.

घरात लहान मुलं असतील किंवा मीटर बघायचा कंटाळा असेल, तर यात पडू नका. तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर शोधा. माझी ऑर्डर अजून आलेली नाही. आली तर व्हॅक्यूम त्यावर लावीन आणि सप्लाय परत टेबलावर, सोल्डरिंगच्या कामाला.